कोळसा उगाळावा तितका काळाच! (ॲमेझॉनच्या काळ्या मातीची गोष्ट)



'बायोचार' हा शब्द एव्हाना बऱ्याच जणांच्या कानावरून गेला असेल. मोठाल्या कंपन्या आपला कार्बनचा हिशोब जुळवण्यासाठी बायोचारची क्रेडिट्स विकत घेतात, बागकामाच्या दुकानात त्याच्या पिशव्या मिळतात, आणि "शेतीवरचा रामबाण उपाय" अशा थाटात त्याच्या जाहिराती होतात. एका वाक्यात सांगायचं तर बायोचार म्हणजे जमिनीत घालण्यासाठी मुद्दाम केलेला कोळसा. दगडी कोळसा नव्हे, आपला लोणारी कोळसा. तो लाकडाचाच हवा असंही नाही. उसाचं पाचट, भाताचं तूस, मक्याची बुरकुंडं, नारळाच्या करवंट्या, काहीही चालतं.

हा शब्द रुळला २००५ नंतर. पण त्याच्या मागची गोष्ट जुनी आहे आणि ती प्रयोगशाळेत सुरू होत नाही. ती सुरू होते ॲमेझॉनच्या जंगलात, एका खोटारडा ठरवल्या गेलेल्या पाद्र्यापासून. विज्ञानाइतकीच ती इतिहासाची गोष्ट आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितोय.

पाद्रीबुवांच्या थापा

१५४१ साली गोन्सालो पिसारो कीटोहून (आजचं इक्वेडोर) दालचिनी आणि सोनं शोधायला निघाला आणि अँडीज ओलांडून पूर्वेच्या जंगलात उतरला. काही महिन्यांतच खायचे वांधे झाले. तेव्हा डिसेंबरात त्याने फ्रान्सिस्को दे ओरेयाना या आपल्या सरदाराला पन्नास-साठ माणसं देऊन नदीच्या खालच्या अंगाला अन्न शोधायला पाठवलं. ओरेयाना परत आलाच नाही. एवढ्या जोराच्या प्रवाहाविरुद्ध परतणं अशक्य होतं, असं त्याचं म्हणणं. त्याने दगा दिला, असं पिसारोचं. काही असो, ही मंडळी वाहत वाहत २६ ऑगस्ट १५४२ रोजी अटलांटिकला लागली. ॲमेझॉन अशी वरून खालपर्यंत पार करणारे हे पहिले युरोपीय.

त्यांच्याबरोबर गास्पार दे कार्वाहाल नावाचा डोमिनिकन पंथाचा पाद्री होता. वाटेतल्या एका चकमकीत तीर लागून त्याचा एक डोळा गेला, पण उरलेल्या डोळ्याने जे पाहिलं ते त्याने लिहून ठेवलं. काठाला लागून मैलोन्‌मैल पसरलेली वस्ती, आत जाणारे रुंद रस्ते, सुंदर रंगवलेली मातीची भांडी, काठावर जमलेले हजारो लोक. शिवाय लढायला आलेल्या बायकांची हकीकत. ग्रीक पुराणातल्या ॲमेझॉन स्त्रियांवरून नदीला नाव पडलं ते यामुळेच.

या बायकांच्या गोष्टीनेच घात केला. त्या काळच्या इतिहासकारांनी हे सगळं थापा म्हणून उडवून लावलं. पुढे दीड-दोनशे वर्षांनी जे प्रवासी तिथे गेले त्यांना जंगल, डास आणि कुठे तरी एखादी पाच-पंचवीस माणसांची वाडी एवढंच दिसलं. देवी, गोवर आणि गुलाम पकडणाऱ्यांच्या धाडी यांनी मधल्या काळात काय केलं होतं, याचा विचार फारसा कुणी केला नाही. कार्वाहालचं लिखाण स्वतंत्र पुस्तकरूपाने यायला १८९४ साल उजाडलं.

पुढे विज्ञानानेही पाद्र्याच्या विरोधातच साक्ष दिली. ॲमेझॉनचं जंगल हिरवंगार दिसलं तरी खालची माती बहुतेक ठिकाणी लाल-पिवळी आणि निकृष्ट. लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातलं कॅल्शियम, पालाश, मॅग्नेशियम धुऊन नेलंय. उरलंय ते लोह आणि ॲल्युमिनियम, आणि भरपूर आम्लता. जंगलाचं सगळं भांडवल झाडांमध्ये. मातीत शिल्लक जवळजवळ शून्य. झाडं तोडून जाळली की राखेच्या जोरावर दोन-तीन पिकं येतात आणि मग जमीन हात वर करते. बेटी मेगर्स या नामांकित अमेरिकन पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात ॲमेझॉनला 'बनावट नंदनवन' ठरवलं. अशा मातीवर मोठा समाज टिकणंच शक्य नाही, हा त्यांचा मुद्दा. तर्क बिनतोड वाटत होता. एकच अडचण होती: मधूनमधून सापडणारे काळे तुकडे.

काळे तुकडे

पोर्तुगीजमध्ये या मातीला 'तेरा प्रेता' म्हणतात. तेरा म्हणजे माती, प्रेता म्हणजे काळी. (आपल्या प्रेताशी काही संबंध नाही!) नदीकाठच्या उंचवट्यांवर, आजूबाजूला सगळी लाल माती आणि मध्येच काही एकरांचा, कधी कधी शेकडो एकरांचा, काळाभोर पट्टा. खोली कुठे दोन फूट, कुठे सहा फूट. आणि जिथे खणाल तिथे खापरं. स्थानिक शेतकऱ्यांना हे पट्टे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. कुंड्यांसाठी ही माती खणून विकलीही जाते.

कॉर्नेल विद्यापीठात चार्ल्स हार्ट नावाचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. १८७० च्या सुमारास ते विद्यार्थ्यांना घेऊन ॲमेझॉनवर गेले. त्यांचाच विद्यार्थी हर्बर्ट स्मिथ. त्याच्या १८७९ च्या पुस्तकात सांतारेंजवळच्या या काळ्या जमिनीचं वर्णन आहे. गंमत म्हणजे त्या जमिनीवर तेव्हा ऊस लावत होते ते अमेरिकन लोक! यादवी युद्धात हरल्यावर दक्षिणेकडची काही कुटुंबं देश सोडून ब्राझीलला गेली होती, त्यांतली काही इथे स्थायिक झाली. इतक्या मोठ्या जंगलात त्यांनी नेमके हे काळे पट्टे निवडले. स्मिथने तिथली खापरं पाहून काढलेला निष्कर्ष सरळ होता: हा सगळा काठ एकेकाळी गावांनी भरलेला असणार आणि ही माती त्या गावांनीच केलेली असणार. १९०३ साली फ्रिडरिश कात्सर या भूगर्भशास्त्रज्ञाने मातीचं पृथक्करण करून जळकी वनस्पती आणि कुजकं सेंद्रिय द्रव्य दाखवलं आणि ही पूर्वीच्या लोकांनी कसलेली जमीन आहे असं म्हटलं.

तरीही पुढची कित्येक वर्षं वाद चालूच राहिला. कुणी म्हणे ज्वालामुखीची राख, कुणी म्हणे आटलेल्या तळ्यांचा गाळ. जंगलातल्या 'आदिवासीं'नी जमीन बनवली असेल, हे काही पचनी पडत नव्हतं.

हा तिढा सोडवायला जो माणूस पुढे आला त्याची पार्श्वभूमी मोठी बोलकी आहे. विम सोमब्रूक हा डच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. विम तेव्हा दहा वर्षांचा. त्याचं कुटुंब जगलं ते घरामागच्या लहानशा तुकड्यावर. तो तुकडा मुळात रेताड, पण पिढ्यान्‌पिढ्या घरातली राख, निखारे, केरकचरा घालून काळा झालेला. पुढे मृदाशास्त्रज्ञ होऊन ब्राझीलला गेल्यावर तेरा प्रेता पाहताच त्याला ओळख पटली. १९६६ साली त्याचं ॲमेझॉनच्या मातीवरचं पुस्तक आलं आणि त्यात ही माती माणसांच्या वस्तीतून झाली असल्याचं त्याने मांडलं. शेवटपर्यंत (२००३) हा माणूस एकच गोष्ट सांगत राहिला: पूर्वीच्यांनी केलं ते आपल्याला पुन्हा करता येईल.

जळणं आणि कोळसा होणं

२००१ साली जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठाच्या ब्रूनो ग्लाझर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तेरा प्रेतामध्ये शेजारच्या मातीच्या सरासरी ७० पट कोळसारूपी कार्बन आहे. ही माती साधारण ५०० ते २,५०० वर्षं जुनी. पावसात आणि उष्णतेत, जिथे पडलेलं पान काही महिन्यांत नाहीसं होतं, तिथे हा कोळसा एवढी वर्षं टिकला कसा?

उत्तर चुलीपाशीच आहे. लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचं बनलेलं असतं. तापवत गेलं की आधी पाणी उडतं. मग साधारण २०० ते ४०० अंश सेल्सियसच्या दरम्यान हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोज फुटतात, लिग्निन हळूहळू. त्यातून वायू आणि डांबरासारखी वाफ बाहेर पडते. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो ती या वायूंची असते. उरतो तो निखारा. आता हवा मिळत राहिली तर निखाराही जळतो आणि राख उरते. म्हणजे कार्बन सगळा हवेत, हातात फक्त क्षार. पण ऐन वेळी हवा तोडली, मातीने झाकलं, झाकण लावलं, पाणी मारलं, की कोळसा राहतो. याच क्रियेला पायरॉलिसिस म्हणतात. कोकणात आणि सह्याद्रीत ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्यांवर राबणारी कातकरी मंडळी हेच करत आली आहेत: लाकडं रचायची, पाला आणि मातीने लिंपायची, आणि धुराच्या रंगावर नजर ठेवून भोकं बुजवत जायचं. आधुनिक यंत्रात तापमान बहुधा ३५० ते ७०० अंशांच्या मध्ये ठेवतात आणि निघणारा वायू भट्टीलाच जाळायला वापरतात. संथ पद्धतीने केलं तर कोरड्या मालाच्या वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा कोळसा मिळतो, पण मूळ कार्बनपैकी सुमारे निम्मा त्यात अडकलेला असतो.

या उष्णतेत कार्बनचे अणू षट्कोनी कड्यांच्या जाळ्यांत बांधले जातात. जिवाणूंना हा घास चावत नाही. म्हणून पाचट कुजलं तर त्यातला बहुतेक कार्बन काही वर्षांत हवेत परत जातो, आणि त्याचाच नीट कोळसा केला तर बराचसा शेकडो वर्षं जमिनीत राहतो. हवामान बदलवाल्यांना बायोचारचं प्रेम आहे ते यासाठी. आपल्यातल्या इंजिनियर मंडळींसाठी हिशोब: कोळशात ७५ टक्के कार्बन धरला तर एक टन कोळसा म्हणजे पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड. आयपीसीसीने २०१८ च्या विशेष अहवालात हवेतला कार्बन काढून घेण्याच्या उपायांमध्ये बायोचारचा विचार केला आहे.

जमिनीला काय मिळतं? एक म्हणजे सच्छिद्रता. झाडातल्या नळ्या-पेशींचा सांगाडा कोळशात तसाच राहतो, एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असू शकतो. पाणी धरायला आणि जिवाणूंना राहायला जागा. दुसरं, बहुतेक बायोचार अल्कधर्मी असतो, त्यामुळे आम्ल जमिनीची आम्लता कमी होते. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोळसा मुरत जातो तशी त्याच्या कडांवर ऋण विद्युतभार असलेली स्थळं तयार होतात आणि ती कॅल्शियम, पालाश, अमोनियम धरून ठेवतात. म्हणजे पावसाने धुऊन जाणारं खत थांबवून ठेवणारा गडी.

पण खत नव्हे! इथेच जाहिराती गोलमाल करतात. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ झालेल्या प्रयोगात (२००७ साली प्रसिद्ध) भात आणि ज्वारीच्या प्लॉटमध्ये रासायनिक खताबरोबर कोळसा घातल्यावर नुसत्या खताच्या तुलनेत धान्य दुप्पट आलं. नुसत्या कोळशावर मात्र फारसं काही पिकलं नाही. जुन्या तेरा प्रेतामध्येही कोळशाबरोबर माशांचे काटे, हाडं, मलमूत्र, स्वयंपाकघरातला कचरा सगळं आहे. स्फुरद आणि कॅल्शियम तिथून आलं, कोळशाने ते राखलं. २०१७ साली जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात उष्ण कटिबंधात बायोचारने उत्पन्न सरासरी २५ टक्के वाढलेलं दिसलं, समशीतोष्ण प्रदेशात सरासरी शून्य. तेव्हा न्यू जर्सीतल्या किंवा लंडनच्या आपल्या परसबागेत चमत्काराची अपेक्षा नको.

काळी आणि पांढरी

आता घरचा विषय. तेरा प्रेता म्हटलं की मराठी माणसाला आपली काळी आई आठवणार. पण दोन्ही काळेपणांत फरक आहे. दख्खनची काळी रेगूर काळी दिसते ती कोळशामुळे नव्हे. तो रंग बेसाल्ट झिजून झालेल्या चिकणमातीचा आणि तिला घट्ट धरून असलेल्या थोड्या सेंद्रिय द्रव्याचा. सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्याही आत. शिवाय ही माती मुळात अल्कधर्मी आणि क्षार धरून ठेवण्यात पटाईत. बायोचारचे दोन मोठे गुण तिथे वाया जातात.

तेरा प्रेताचं खरं नातं आपल्या पांढरीशी आहे. गावची जमीन म्हणजे काळी आणि पांढरी: काळी म्हणजे शेतं, पांढरी म्हणजे गावठाण. मातीच्या भिंती पडून, त्यावर पुन्हा बांधून, राख, शेण, केरकचरा साठून जुन्या वस्तीच्या जागी पांढरट टेकाड होतं. पुरातत्त्वज्ञ ही टेकाडंच शोधत फिरतात. घोड नदीवरचं इनामगाव, जिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, ती अशीच जुन्या वस्तीची जागा. आणि पुरातत्त्वज्ञांची कायमची तक्रार अशी की शेतकरी पांढरीची माती गाड्या भरून शेतात नेऊन टाकतात! त्यांच्या दृष्टीने इतिहासाची नासाडी, शेतकऱ्याच्या दृष्टीने फुकटचं खत. सांतारेंजवळचा शेतकरी आणि आपला शेतकरी दोघांनाही एकच गोष्ट कळली होती: जिथे माणसं राहिली तिथली माती पिकते.

दुसरं नातं राबाचं. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांची जागा उन्हाळ्यात भाजतात: शेण, टाहाळ, पालापाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर, आणि मग आग. बहुतेकाची राखच होते, पण मातीखाली दबलेल्याचा थोडा कोळसाही होतो. हे बायोचार नव्हे. मात्र कोकणची जांभ्यावरची, पावसाने धुतलेली, आम्ल माती ॲमेझॉनच्या लाल मातीची चुलत बहीण आहे, आणि अशा जमिनीला भाजावळीचा उपयोग होतो हे तिथल्या माणसाने स्वतःच शोधलं. इंग्रजांच्या जंगल खात्याला राब म्हणजे निव्वळ झाडांची नासाडी वाटे. १८८० च्या दशकात त्यावरून इतकी रणं माजली की मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. भारतीय शेतीवरच्या १८९३ च्या अहवालात व्होएल्कर यांनीही राबाची दखल घेतली.

तिसरा दुवा पुण्याचा. डॉ. आनंद कर्वे (महर्षींचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव) यांच्या आरती या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करणारी भट्टी तयार केली. पाचट जनावरं खात नाहीत, लवकर कुजत नाही, म्हणून शेतकरी ते शेतातच पेटवून देतो. आरतीच्या भट्टीत पाचट डब्यांत ठासून भरतात, बाहेरून आच देतात, आणि डब्यांतून निघणारा वायूच पुढची उष्णता पुरवतो. त्या भुकटीच्या कांड्या करून त्या चुलीत वापरायच्या. २००२ साली या कामाला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. उद्देश स्वयंपाकाच्या इंधनाचा होता, जमिनीचा नव्हे, पण टाकाऊ पाचटाचा कोळसा खेड्यात, साध्या साधनांनी होऊ शकतो हे त्यातून सिद्ध झालं.

श्रेय कुणाचं?

वाद अजून पुरता मिटलेला नाही. २०२१ साली काही शास्त्रज्ञांनी मांडलं की तेरा प्रेताच्या जागा नदीच्या गाळामुळे आधीच सुपीक होत्या, माणसं नंतर आली. २०२२ साली पुरातत्त्वज्ञांच्या मोठ्या गटाने त्याला सविस्तर उत्तर दिलं. पण मला सगळ्यात बोलकी वाटली ती २०२३ सालची पाहणी. ब्राझीलमध्ये शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात कुइकुरो लोक राहतात. मॉर्गन श्मिट आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या गावातली माती आणि शेजारच्या शेकडो वर्षं जुन्या वस्त्यांची माती ताडून पाहिली. दोन्ही सारख्या. मुख्य म्हणजे त्यांनी गावातल्या लोकांना विचारलं. लोकांनी सांगितलं की हो, आम्ही मुद्दाम करतो. राख, कोळसा, माशांचा आणि कसाव्याचा कचरा घराजवळ ढिगाऱ्यात साठवतो, मग पसरतो, आणि तिथे पिकं लावतो. त्या मातीला त्यांच्या भाषेत स्वतंत्र नाव आहे, ईगेपे. शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये कुइकुरो माणसांचीही नावं आहेत.

स्मिथच्या पुस्तकापासून (१८७९) या पाहणीपर्यंत १४४ वर्षं गेली. ज्वालामुखी झाला, तळी झाली, नदीचा गाळ झाला. ज्यांची माती त्यांना विचारायला एवढा वेळ लागला. दरम्यान इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यातल्या, विमानातून लेझर टाकून शोधलेल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या वस्त्या आणि रस्ते २०२४ साली जगापुढे आले. कार्वाहालचे रुंद रस्ते आता कुणाला थाप वाटत नाहीत.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडे जमीन आहे, आणि बायोचारची योजना घेऊन कुणी ना कुणी तिथे पोचणारच. कोकणात किंवा घाटमाथ्यावर आम्ल जमीन असेल तर जरूर प्रयोग करावा, पण शेणखतात किंवा कंपोस्टात मुरवून. कोरा कोळसा टाकला तर सुरुवातीला तो जमिनीतलं नत्रच अडकवून बसू शकतो. काळ्या रानात असेल तर आधी एका लहान वाफ्यात करून बघावं. कच्चा माल म्हणून पाचट, तूस, करवंट्या घ्याव्यात; कोळशासाठी उभी झाडं तोडायला निघालात तर मग सगळंच मुसळ केरात. आणि कार्बन क्रेडिटचा करार समोर आलाच तर भट्टीशी उभ्या राहणाऱ्याला त्यातले किती पैसे मिळणार, हे सही करण्याआधी विचारून घ्यावं. कोळसाभट्टीवरच्या कातकऱ्याच्या वाट्याला आजवर काळे हात आणि ठेकेदाराची उचल याखेरीज फारसं काही आलेलं नाही.

कुणाच्या गावी पांढरीची माती शेतात टाकायची पद्धत असेल, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना राबाची नीट माहिती असेल, तर त्यांना विचारून अवश्य लिहा. ती माणसं आहेत तोवर विचारलेलं बरं.